सुतारपक्षी आणि बेहड्याची ढोली

मुलांनो, नदीच्या वळणावर सागाचे एक दाट रान होते आणि त्या रानात एक सुतारपक्षी राहत असे. त्याचा कान मोठा तयार होता. खोडावर चोचीचा एक ठोका मारला, की आत काय आहे ते त्याला कळे. भरलेले खोड ‘ढब’ बोले, पोकळ खोड ‘टण्ण’. त्याच रानातल्या एका जुन्या बेहड्याला खोलच खोल ढोली होती. उन्हाळ्यात कोणी उपाशी राहू नये म्हणून सारे पक्षी आणि प्राणी हिवाळाभर बांबूचे बी, गवताचे दाणे, सुकी बोरे त्या ढोलीत आणून टाकत. एक शेकरू ढोलीच्या तोंडाशी बसून राखण करी, त्यामुळे आत डोकावायची सोय नव्हती. म्हणून दर पौर्णिमेच्या सकाळी सुतारपक्षी खोडावर ठोके मारी आणि साठा किती आहे ते साऱ्या रानाला ओरडून सांगे. त्याला खाऊ घालायचे आणि दरवर्षी सुतार कोणता ते ठरवायचे काम मात्र शेकरूकडेच होते.

फाल्गुनात मोह फुलला. रानभर असा गोड वास दाटला, की पाने हलायची ती सुद्धा झोपेत हलल्यासारखी. पौर्णिमेला शेकरूने सुतारपक्ष्यापुढे मोहाच्या फुलांचा द्रोण ठेवला. “दादा, आधी चार फुलं खा. आणि वरपर्यंत कशाला चढता? ठोका खाली मारला काय नि वर मारला काय, झाड तर एकच!” सुतारपक्ष्याने खाली ठोका मारला. ‘ढब.’ “भरलंय!” तो ओरडला. आपण खोटे बोललो नाही, असे त्याला वाटले. चैत्रात दोन द्रोण आले. फुले खाता खाता त्याचे डोळे जड झाले आणि चोच चुकून जरा वर लागली. ‘टण्ण.’ दूर कुठे तरी डोंगरापलीकडे घंटा वाजावी, तसा तो आवाज त्याच्या गुंगीत विरत गेला. शेकरू हळूच म्हणाले, “पुढच्या वर्षी पलीकडच्या रानातला सुतार बोलवावा, असं माझ्या मनात येत होतं. पण तुमच्याइतका समजूतदार कुठे मिळायचा?” सुतारपक्ष्याने द्रोणातले शेवटचे फूल उचलले. मग त्याने मान वर केली आणि नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडला, “भरलंय!”

वैशाखात एक पारवी त्याच्याकडे आली. तिची दोन पिले नुकतीच उडायला शिकली होती. “दादा, नदी आटत चालली. माझ्या बहिणी डोंगरापलीकडे निघाल्या आहेत. त्या माझ्यासाठी दोन दिवस थांबायला तयार आहेत. माझं सगळं बी त्या ढोलीत आहे. मी थांबू की जाऊ?” सुतारपक्ष्याच्या जिभेवर अजून मोहाची गोडी होती. त्याला तो ‘टण्ण’ आठवला. पण आता खरे सांगितले तर मागच्या दोन आरोळ्याही खोट्या ठरणार होत्या. “थांब,” तो म्हणाला. बहिणी निघून गेल्या.

ज्येष्ठात रानातले शेवटचे गवतही वाळले आणि सारे बेहड्यापाशी जमले. शेकरू कधीच पळून गेले होते. ढोलीत तळाला वीतभर दाणे होते. बाकीचे शेकरूने आणि त्याच्या सोयऱ्यांनी वसंतातच फस्त केले होते.  सगळे सुतारपक्ष्याकडे वळले. तो खाली मान घालून म्हणाला, “मला चैत्रातच कळलं होतं.” तेव्हा म्हातारी लांडोर म्हणाली, “चूक आपलीही आहे. दाणे आपले, तपासणी आपल्यासाठी. आणि तपासणाऱ्याचं पोट भरायचं काम मात्र आपण राखणदारावर सोडलं. यापुढे तपासणाऱ्याला आपण खाऊ घालू. सुतार कोणता आणायचा आणि ठोका कुठे मारायचा, तेही आपणच ठरवू.” सर्वांनी माना डोलावल्या. पुढच्या वर्षासाठी दुसऱ्या सुतारपक्ष्याला निरोप गेला.

पारवीचे धाकटे पिलू त्या आठवड्यात भुकेने गेले. थोरल्यात डोंगर ओलांडायचे बळ उरले नव्हते; त्याच्यासाठी सुतारपक्षी रोज डोंगर ओलांडून जाई आणि चोचीत चार-दोन दाणे घेऊन परते. पारवी ते दाणे घेई. पण तिने पुन्हा कधीही त्याला काही विचारले नाही.

तात्पर्य : ज्याचे काम तपासायचे, त्याच्याच हातून तपासणाऱ्याचे पोट भरत असेल, तर खरे ऐकू येऊनही ते त्याच्या तोंडून बाहेर पडत नाही.