पहिल्या धड्यापुढचं नाव

एका विद्यापीठात जर्मन शिकवणारे तिघे होते. गोष्ट राजाराणीच्या काळातली नाही, कॉम्प्युटरच्या काळातली आहे. पण माणसांच्या खोडी काही फारशा बदललेल्या नाहीत, तेव्हा ऐका.

तिघांत एक थोरले सर, एक मोठ्या बाई आणि एक धाकट्या बाई. धाकट्या बाई हंगामी नेमणुकीवर होत्या आणि त्यांना एका जागी म्हणून बसवत नसे. खुर्चीत बसल्या तरी टेबलाखाली पाय हलत असायचा.

एक दिवस कुलगुरूंनी तिघांना बोलावलं. म्हणाले, "तालुक्यातल्या मुलामुलींना इथं येऊन शिकणं जमत नाही. त्यांना घरबसल्या जर्मन शिकता येईल अशी वेबसाइट करा. आणि मिळून करा."

खात्याची एक रीत होती. कामाची यादी कपाटाच्या दारावर चिकटवायची आणि मानाप्रमाणे एकेकाने आपलं नाव घालायचं. धडे होते तेरा. थोरल्या सरांनी शेवटचे चार उचलले, कारण ते सगळ्यांत अवघड. मोठ्या बाईंनी त्याच्या अलीकडचे चार घेतले. धाकट्या बाईंना दोन ते पाच मिळाले.

उरला पहिला. त्यात असं होतं तरी काय? नमस्कार, माझं नाव अमुक, मी राहते तमुक गावी. "ते काय, चहा पितापिता होईल," थोरले सर म्हणाले, आणि त्यांनी पहिल्या धड्यापुढे लिहिलं: सर्वजण.

तिघांनाही बरं वाटलं. मिळून करा असं कुलगुरू म्हणालेच होते. यादीकडे पाहून तिघेही आपापल्या धड्यांना लागले, आणि पहिल्या धड्याचं काम इतर दोघं करत असतील असं प्रत्येकजण धरून चालला. तुम्ही हसाल, पण तुमच्या सोसायटीच्या गच्चीची चावी कुणाकडे असते ते आधी आठवून बघा.

वेबसाइट सुरू झाली. दोन ते तेरा धडे एकेक करून येऊ लागले. पहिल्यावर बोट ठेवलं की पाटी दिसे: लवकरच येत आहे.

धाकट्या बाईंचा जीव त्यांच्या पाचव्या धड्यात अडकला होता. त्यात रेल्वे स्टेशनचं चित्र होतं. गाडीला हात लावला की गाडी बोलणार, घड्याळाला लावला की घड्याळ वेळ सांगणार. दोन आठवड्यांनी कुलगुरू सगळं काम पाहणार होते आणि पुढच्या वर्षी हंगामी माणूस ठेवायचा की नाही हे त्यावरून ठरणार होतं. बाईंना घास गोड लागेना.

वेबसाइटवर अडचण कळवायची एक जागा होती, आणि तिथं आलेले निरोप धाकट्या बाईंनाच वाचावे लागत. पहिल्याच दिवशी एक निरोप आला. 'पहिला धडा उघडत नाही. माझ्या फोनचा दोष आहे का? दीड महिन्याने जिल्ह्याच्या मोफत जर्मन वर्गाची प्रवेशपरीक्षा आहे. त्यात पास झाले तरच जागा मिळेल.' खाली सही: एक नर्स, तालुका रुग्णालय.

बाईंनी उत्तर पाठवलं, 'लवकरच येत आहे.'

तिसऱ्या दिवशी निरोप आला. 'मैत्रिणीच्या फोनवर बघितलं. तिथंही नाही.' सहाव्या दिवशी आला. 'दुसऱ्या धड्यापासून सुरुवात केली. काहीच कळलं नाही. माझंच डोकं चालत नसेल.'

हे वाचून धाकट्या बाई उठल्या, खोलीत दोन फेऱ्या मारल्या, आणि मोठ्या बाईंकडे गेल्या. "बाई, तो पहिला धडा कोण करतंय?"

"सर्वजण," मोठ्या बाई म्हणाल्या. "होईल गं. एवढी काय घाई?"

धाकट्या बाई परत आल्या. त्यांना वाटलं, मीच लिहून टाकावा. मग वाटलं, त्यावर नाव सर्वजणांचं आणि इथं माझी गाडी अजून मुकी. त्या परत गाडीकडे वळल्या. खरं सांगायचं तर त्यांना स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही त्या गाडीच करत राहिल्या.

दहाव्या दिवशी दुपारच्या आत दारात एक मुलगी उभी राहिली. चार तास एसटीतून आलेली, हातात वही. "मॅडम, ती नर्स मीच," ती म्हणाली. "आज माझी सुट्टी आहे, म्हणून आले. मला एवढंच विचारायचं होतं, लवकरच म्हणजे किती दिवस?"

तिच्या विचारण्यात राग नव्हता. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी तिच्या वहीकडे पाहिलं, मग समोरच्या अर्ध्या स्टेशनकडे, आणि कॉम्प्युटरवरचं स्टेशन बंद केलं. कुलगुरू येण्याला चारच दिवस उरले होते.

बाई तडक थोरल्या सरांच्या टेबलाशी गेल्या. "सर, सर्वजण म्हणजे आपण तिघंच ना? मग आत्ताच बसू या."

तिघे बसले, नर्सलाही बसवलं. सरांनी फळ्यावर झोकात पहिलं वाक्य लिहिलं.

"सर, हा मधला शब्द कशाला?" नर्सनं विचारलं.

तो शब्द सातव्या धड्यात समजणार होता. सरांनी वाक्य पुसलं आणि दुसरं लिहिलं. त्यातलं कोडं अकराव्या धड्यात सुटणार होतं. चहा तीनदा आला आणि तीनदा गार झाला. फळा लिहूनपुसून पांढरा झाला, आणि सर खाली बसले.

"तीस वर्षं शिकवतोय," ते म्हणाले. "पण काहीच न येणाऱ्याला काय सांगायचं, हे विसरूनच गेलोय मी."

मग मोठ्या बाईंनी त्या मुलीला विचारलं, "तुला आधी काय बोलता यायला हवंय?"

"वॉर्डात नवीन पेशंट आला की मी आधी माझं नाव सांगते," ती म्हणाली. "मग विचारते, कुठं दुखतंय. नाव सांगितलं की माणूस जरा सैल होतो."

धडा तिथून सुरू झाला. पहिलं वाक्य त्या मुलीच्याच नावाचं फळ्यावर आलं: इश हाइसे दीपमाला, म्हणजे माझं नाव दीपमाला. मुलीनं ते मोठ्यानं वाचलं आणि मग न बघता म्हटलं. संध्याकाळच्या गाडीनं ती परत गेली. पुढचे तीन दिवस तिघे मिळून थोडं थोडं लिहून तिला पाठवत, ती अडेल तिथं कळवी, आणि तेवढं बदललं जाई.

चौथ्या दिवशी कुलगुरू आले. त्यांनी पाचवा धडा उघडून गाडीला हात लावला. गाडी गप्प.

"हे अपुरं दिसतंय," ते म्हणाले.

"हो सर, अपुरंच आहे," धाकट्या बाई म्हणाल्या. टेबलाखाली त्यांचा पाय थांबेना.

थोरल्या सरांना गप्प बसता आलं असतं. पण ते उठले. "यांचा धडा अपुरा राहिला, कारण सर्वांचा पहिला धडा पूर्ण करून घ्यायला या आल्या. सर्वजण असं लिहून मी मोकळा झालो होतो."

कुलगुरूंनी पहिला धडा उघडला. त्यांना जर्मनचं एक अक्षरही येत नव्हतं. दहा मिनिटांनी त्यांनी स्वतःचं नाव जर्मनमध्ये सांगितलं, आणि नेमणुकीबद्दल काहीच न बोलता निघून गेले. धाकट्या बाईंनी महिनाभर तळमळत काढला. मग पत्र आलं: आणखी एक वर्ष, पुन्हा हंगामीच.

त्याच आठवड्यात दीपमालाचा निरोप आला. 'पास झाले, दोन मार्कांनी. शेवटचे प्रश्न राहून गेले, तयारीला वेळ पुरला नाही.'

धाकट्या बाईंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. तिचे पहिले दहा दिवस कुणामुळे वाया गेले, हे कुणाला सांगावं लागलं नाही. थोरले सर उठले, कपाटापाशी गेले, पहिल्या धड्यापुढचं 'सर्वजण' खोडलं आणि तिथं आपलं नाव घातलं. एकट्याचं.

तात्पर्य एवढंच की, मिळून करायच्या कामातही प्रत्येक ओळीपुढे कुणा एकाचं नाव असावं; आणि सगळ्यांत सोप्या वाटणाऱ्या ओळीपुढे सगळ्यांत जाणत्याचं.