शिदूचा रेडीमेड कॉम्प्युटर

एक होतं गाव. गावात सगळे शहाणे होते, एकटा शिदू तेवढा भोळा होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितल्यासारखंच करायचा. फक्त एक खेप उशिरा करायचा.

त्याची बायको हौसा मात्र हुशार. सहा महिने तालुक्याला खेटे घालून ती मराठी टायपिंग शिकली. ग्रामसेवक म्हणाले, पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी घरी येतो. कॉम्प्युटर चालू दिसला तर पंचायतीचं टायपिंग तुम्हाला, नाहीतर शेजारच्या गावाला. हौसाचा सगळा जीव त्या कामात अडकला होता. तिला कुणी 'तुम्ही' म्हणून काम विचारण्याची ही पहिलीच वेळ होती.

ती म्हणाली, रेडीमेड आणू. तिथं नेमगोंडा अण्णांनी मोडता घातला. अण्णा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर त्यांनी आतून कधी पाहिला नव्हता, पण मोटार पाहिली होती, आणि गावाला तेवढं पुरे होतं.

"रेडीमेडमध्ये आत काय भरलंय कुणाला ठावं? सुटे भाग आणा. मी जोडतो."

पारावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकाच्याही घरी कॉम्प्युटर नव्हता.

पहिल्या खेपेला शिदूने तालुक्याहून प्रोसेसर आणला. बिस्किटाएवढा चौकोन, खाली बारीक बारीक पाय. शिदूने तो खिशात चुन्याच्या डबीशेजारी ठेवला आणि गावापर्यंत खिसा घट्ट दाबून धरला. पाय वाकले, वर चुना बसला.

अण्णांनी कपाळाला हात लावला. "असली वस्तू डब्यात घालावी. झाकण घट्ट लावावं, वर फडकं बांधावं. वारा लागता कामा नये."

"बरं," शिदू म्हणाला.

दुसऱ्या खेपेला कॉम्प्युटरच्या आत बसवायचा पंखा आणायचा होता. तो काही डब्यात मावेना. शिदूने गुडघा देऊन कोंबला, झाकण लावलं, फडकं बांधलं. पाती मोडली, पण वारा लागू दिला नाही. अण्णा म्हणाले, अरे, पंख्याला कसला वारा बाधतोय? तो मोकळा हातात धरून आणावा.

"बरं."

तिसऱ्या खेपेला प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर लावायचा लेप होता, नळीत भरलेला. शिदूने टोपण काढलं आणि एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून नळी वाऱ्यावर धरली. घरी येईपर्यंत लेपाचा खडा झाला. अण्णा म्हणाले, लेप ओल्या फडक्यात गुंडाळून आणावा, गार राहतो.

"बरं."

चौथ्या खेपेला मदरबोर्ड. शिदूने तो कोथिंबिरीच्या जुडीसारखा ओल्या फडक्यात बांधला. वाटेत दोनदा पाणीही मारलं. अण्णा आता ओरडूनही थकले होते. बोर्ड गोधडीत गुंडाळून तान्ह्या लेकरासारखा आणायचा, एवढं त्यांनी कसंबसं सांगितलं.

तोवर सोमवार उजाडला. हौसा रडकुंडीला आली. "अहो, सुटं काही नको आता. तयार कॉम्प्युटर घ्या आणि दुपारच्या आत या."

शिदू निघाला. अण्णांना राहवेना. "आजवर सांगितलेलं सगळं ध्यानात ठेव," त्यांनी मागून बजावलं.

दुकानदाराने कॉम्प्युटर चालवून दाखवला आणि खोक्यात भरला. शिदू खोक्याकडे बघत राहिला. एकाला वारा चालत नाही, दुसऱ्याला मोकळं हवं. एकाला ओल लागते, दुसऱ्याला ओल बाधते. ही मंडळी एका घरात नांदणार कशी? त्याने दुकानदाराला सगळं सोडवायला लावलं. दुकानदार नको नको म्हणत होता, पण शिदू हटेना.

दुपारी घरात ग्रामसेवक येऊन बसले होते. अण्णाही होते. हौसाने टेबलावर ठेवणीतली चादर घातली होती. तेवढ्यात शिदू आला. डोक्यावर रिकामं खोकं, काखेत गोधडी. त्याने एकेक वस्तू टेबलावर मांडली. प्रोसेसर डब्यात, झाकण घट्ट, वर फडकं. पंखा मोकळा, हातात धरून आणलेला. लेपाची नळी ओल्या फडक्यात. बोर्ड गोधडीत, कोरडा ठणठणीत. एकही चूक नव्हती. अण्णांना नावं ठेवायला जागा उरली नाही.

ग्रामसेवकांनी फाईल मिटली. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अहो, रेडीमेड आणायला सांगितला होता ना?"

"रेडीमेडच आहे," शिदू म्हणाला. "आता तेवढा अण्णांनी जोडला की झालं."