होळीच्या बाजारातले मोकळे हात

"...मग आज तरी अनुग्रह देणार, की पुढच्या होळीचा वायदा, बाबा?"

जात्र्याबाबा मुळ्या निवडत होते. बाजारात झाडपाल्याचं औषध विकणारा म्हातारा. अकरा महिन्यांपूर्वी मधुसूदन मास्तर सातपुडा चढला तो याच म्हाताऱ्यासाठी. शाळा सोडली, बायको सोडली. पुरुषाला घर सोडायला वेळ लागतो तो एक पिशवी भरायचा. ताठा तेवढा बरोबर आणला.

"काय काय सोडलंस?"

"सगळं."

"मग बाजार फिरून ये. इथून नदीपर्यंत. कशाचा मोह नाही झाला, तर बघू."

मास्तर हसला. एवढंच?

दोन राज्यांच्या शिवेवरचा बाजार तो. पाड्यापाड्यांतून माणसं उतरलेली. लाल-पिवळे फेटे, बासऱ्या, चांदीच्या कमरपट्ट्यांखाली डुलत चालणाऱ्या बाया, आरसे, मणी, साखरेच्या माळा. मास्तर नाकासमोर चालला. ना आरशात डोकावला, ना गुळाच्या ढेपेकडे पाहिलं. दोन्ही तळवे मुद्दाम उघडे ठेवलेले. लोकांनी बघावे म्हणून.

बांगडीवालीने बघितले. तिचा आवाज एकदम खाली आला.

"कोण गेलं, दादा?"

"कोणी नाही."

पुढची फुटाणेवाली उठूनच उभी राहिली. "लेकरू होतं का रे?"

"अहो, कोणी गेलेलं नाही."

"पहिल्या वर्षी असंच म्हणतात," ती शेजारणीला म्हणाली, आणि तिने ओंजळभर फुटाणे त्याच्या हातांत ओतले.

मास्तरने ते परत तिच्या टोपलीत टाकले. मोह नाही म्हणजे नाही.

नदीकाठी ढोल घुमत होता. तो दिसला तशी ढोलक्याने टिपरी वरच धरली. मास्तर पुढे जाईपर्यंत सगळे नाचणारे गप्प उभे.

तो परत आला तो धुसफुसतच.

"काय माणसं आहेत ही. मी विरक्त, आणि मला सुतकी समजतात."

"रीत आहे आमची," बाबा म्हणाले. "होळीच्या बाजारातून जो तो घरच्यांसाठी मूठभर तरी काही नेतो. मोकळ्या हातांनी फिरतो तो फक्त मयत झालेल्या घरचा."

"हे आधी नाही सांगितलंत."

"अकरा महिने इथे आहेस. विचारलं नाहीस."

"असो. मोह झाला नाही. आता अनुग्रह द्या."

बाबांनी मुळ्या बाजूला सारून जागा केली. मास्तर गुडघ्यांवर बसला, डोकं पुढे केलं...

हात काही आला नाही.

"राग कशाचा आला रे तुला?"

"जिवंत माणसाला मेलं म्हणतात, बाबा. चारचौघांत. जो भेटेल तो तोंड पाडून विचारणार, आपण सांगत सुटायचं... नाही हो, कोणी गेलं नाही. दोन घटकांत जीव नको झाला."

"बायकोचं नाव काय?"

मास्तरने मान वर केली. ते नाव किती दिवसांत तोंडी आलं नव्हतं.

"इंदुमती."

"गावातच आहे?"

"असेल... हो. गावातच."

बाबांनी एक मूळ उचललं, माती झटकली, पुन्हा खाली ठेवलं.

"तिलाही बाया विचारत असतील. ती काय सांगते?"