कालिस्ताची तेलाची कुपी

रोमी राज्यातल्या एका बंदरगावी ख्रिस्ती मंडळी कालिस्ता नावाच्या विधवेच्या घरी जमायची. छळाच्या दिवसांत तिनंच त्यांना लपवलं, जेवू घातलं. बाप्तिस्म्याच्या, म्हणजे धर्मदीक्षेच्या स्नानाआधी बायकांना पवित्र तेल चोळायचा मानही तिचाच, तेलाची कुपी तिच्याकडेच असायची. दिवस पालटले आणि हर्मोजेन नावाचे नवे बिशप आले. आल्या आल्या त्यांनी भरसभेत फर्मान सोडलं, "यापुढे कोणत्याही बाईनं पवित्र तेलाला हात लावायचा नाही. बाप्तिस्म्याचं काम पुरुषांचं."

कालिस्तानं सभेकडे पाहिलं. ज्यांना तिनं लपवलं होतं, तेच माना खाली घालून बसले होते.

ती उठली आणि तिनं तेलाची कुपी बिशपांच्या हातात ठेवली.

"जशी आज्ञा, महाराज. उद्या पहाटे या मंडळींच्या लेकीसुना बाप्तिस्मा घेणार आहेत. अंगावरचं सगळं उतरवून त्या हौदात उतरतील. रीतीप्रमाणे आधी नखशिखांत तेल चोळायचं असतं. आपण स्वतः याल, की यांच्यातल्याच कुणाला पाठवाल?"

खाली गेलेल्या माना ताडकन वर झाल्या. बिशपांचा चेहरा लालबुंद झाला. हातात निखारा आल्यासारखी त्यांनी कुपी परत केली. "तेवढं... तुम्हीच करा."

सभेत हशा पिकला. कालिस्ताला मात्र हसू आलं नाही. जन्मभराचा मान एका वाक्यात गेला होता. परत मिळालं ते नुसतं तेल, तेही एका पुरुषाच्या लाजेपोटी. उद्या कुणी बाप्तिस्मा तान्हेपणीच उरकायचं ठरवलं, की पुरुषांना लाजायचं कारण उरणार नव्हतं, आणि तिची गरजही.