शंख खाली आलाच नाही

सुरूचं बन जिथे संपतं आणि वाळू सुरू होते, तिथल्या एका वस्तीत एक धाकटी खेकडी राहत असे. ती साधी खेकडी नव्हती, शंखात राहणारी होती. मुलांनो, असल्या खेकड्यांना माणसं संन्यासी खेकडे म्हणतात. काय पाहून हे नाव ठेवलं, देव जाणे! एकेकटे शंखात बसलेले दिसतात म्हणून ठेवलं असेल. पण घराचा इतका ध्यास घेतलेला दुसरा प्राणी मी तरी पाहिलेला नाही. यांचं मागचं अंग लोण्यासारखं मऊ, त्यावर स्वतःचं कवच नाही. म्हणून एखादा रिकामा शंख शोधायचा, त्यात अंग मुडपून बसायचं आणि तोच पाठीवर घेऊन हिंडायचं. अंग वाढतं, शंख काही वाढत नाही. मग पुन्हा नव्या घराची शोधाशोध. असा यांचा संन्यास!

घर कुठे मोकळं झालं हे त्यांना वासावरून कळे. कुणी खेकडा मेला की त्याचा एक वास सुटतो. आपण असतो तर नाक दाबून लांब पळालो असतो. त्यांना मात्र तो वास म्हणजे निरोपच वाटे की चला, इथे एक शंख रिकामा आहे. वास आला की सगळी वस्ती तिकडे निघे आणि रांग लावी. सर्वांत थोराड खेकडा पुढे, त्याच्या मागे त्याच्याहून लहान, त्याच्या मागे आणखी लहान. पहिला नव्या शंखात शिरला की त्याचा जुना शंख दुसऱ्याला मिळे, दुसऱ्याचा तिसऱ्याला. असे शंख एकेक करून खाली येत आणि रांगेच्या शेपटीपर्यंत सगळ्यांची घरं बदलत. भांडण नाही की तंटा नाही. नियम एकच, रांग सोडायची नाही. सोडली की नंबर गेला.

धाकटीचा नंबर कायम शेपटीकडे. तिचा शंख तिला केव्हाच आखूड झाला होता आणि त्याच्या कडेचा एक टवकाही उडाला होता. चालताना त्यातून वाळू आत जाई आणि दिवसभर टोचत राही. त्यामुळे तिला एका जागी बसवत नसे. बसली की खाज, उठली की ओझं. रांगेत तिच्या पुढे तिची मावशी असे. मावशीचा शंख चांगला ऐसपैस, तांबूस पट्ट्यांचा. "मला दुसरा मिळाला की हा तुझाच हो," असा मावशीने शब्द दिला होता. तेव्हापासून धाकटी रोज सकाळी उठून आधी वारा हुंगून बघे.

सुट्ट्या लागल्या आणि किनाऱ्यावर माणसं आली. खाल्लं, प्याली, नाचली, गेली. जाताना आपली पोरं तेवढी मोजून नेली, बाकी सगळं वाळूतच टाकलं. पेले, पिशव्या, झाकणं, बाटल्या. किनाऱ्यावर 'येथे कचरा टाकू नये' अशी एक पाटी होती, तिच्या बुडाशीच सगळ्यात मोठा ढीग. पाटीवर एक कावळा बसलेला असे. त्याची तर चंगळ झाली होती.

"काय गं, वाचता येतं का तुला?" त्याने धाकटीला विचारलं.

"नाही."

"त्यांनाही येत नाही," कावळा म्हणाला आणि उरलेल्या भज्यावर तुटून पडला.

चार-पाच दिवसांनी, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तोच केवड्याच्या झुडपाकडून वास आला. चांगला दाट वास. एक नाही, दोन-तीन घरं मोकळी झाली असावीत असा! वस्ती धावत सुटली. रांग लागली. सर्वांत पुढे आबा. आबा म्हणजे वस्तीतले सगळ्यात थोराड आणि सगळ्यात मानाचे. त्यांच्या मागे चार मोठे खेकडे, मग मावशी, मावशीमागे धाकटी आणि धाकटीच्या मागे तिचे दोन चिमुकले सोबती. केवड्याच्या झुडपामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. पण रांग सरकत होती. एक पाऊल, थोडं थांबणं, पुन्हा एक पाऊल.

"आज मिळणार बघ तुला," मावशी मागे वळून म्हणाली.

धाकटीचे पाय ठरेनात. आबा गेले असतील आत. आता त्यांचा शंख दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे. पुन्हा रांग सरकली. पुन्हा सरकली. आणि मग तिच्या मनात काहीतरी खटकलं. मावशीच्या पुढे आता कुणीच उरलं नव्हतं. पाच जण पुढे गेले होते, पण शंख एकही खाली आला नव्हता! पुढचे खूश, त्यांना पुढे जायला मिळत होतं. मागे काही जात नाहीये हे त्यांना कसं दिसावं? ते फक्त शेपटीलाच दिसतं.

"मावशी, शंख खाली का येत नाहीत?"

"येतील गं. घाई कसली एवढी?"

"पाच जण गेले. पाच शंख कुठे गेले मग?"

"रांगेत बडबडू नये," मावशी म्हणाली आणि पुढे निघाली.

 रांग सोडली तर नंबर जाणार, आणि नंबर गेला तर तो तांबूस पट्ट्यांचा शंख मागच्या चिमुकल्याला मिळणार. क्षणभर धाकटी तशीच उभी राहिली. मला राग येतो तो अशा क्षणांचा, जेव्हा चांगलं वागायला आपलंच काहीतरी सोडावं लागतं. तिलाही आला. तरी ती रांगेतून बाहेर पडली, झुडपाला वळसा घालून पळाली आणि वासाच्या जागी पोचली.

तिथे शंख नव्हताच. वाळूत अर्धी पुरलेली, तोंड वर करून तिरकी पडलेली रुंद तोंडाची एक मोठी बाटली होती. तोंडातून आत उतरायला सोपं, आतून वर यायला मात्र भिंत गुळगुळीत आणि दवाने ओली. आत आबा होते. चौघे मोठे होते. वर चढत होते, घसरत होते, पुन्हा चढत होते. त्यांच्या खाली, अगदी तळाशी, तीन शंख पडले होते आणि त्यांतून कुणी डोकावत नव्हतं. हे वस्तीतलेच तिघे, चार दिवस दिसले नव्हते; ते खडकापलीकडे राहायला गेले असं वस्ती समजत होती. वास त्यांचाच होता. एक जण आत पडून मेला, त्याच्या पुसटशा वासाने जवळचाच दुसरा आला, दुसऱ्याच्या वासाने तिसरा. आणि आता तिघांच्या वासाने सगळी वस्ती दारात उभी होती. ऊन चढू लागलं होतं. ते बाटलीवर पडलं की आतले सगळे भाजून निघणार होते.

मावशी बाटलीच्या तोंडाशी पोचली होती. तिने एक पाय आत टाकलासुद्धा होता.

"मावशी, मागे फिर! तो शंख नाहीये!"

"धाकटे! रांग सोडून पुढे घुसतेस?" मावशी भलतीच चिडली. "नंबर लावून मिळतंय तर ते बघवत नाही का तुला?"

"अगं, आबा आत अडकलेत!"

"आबा नवं घर लावत असतील. तुला काय कळतंय? एवढीशी पोर तू!"

वास नाकात भरलेल्याला कुणी काही सांगू शकत नाही. मावशीचा दुसरा पायही आत गेला. धाकटी ओरडली, रडली, तिने मावशीची नांगी धरून ओढली, पण तिचं बळ ते केवढं! मग तिने असं काही केलं, जे त्या वस्तीत कुणी कधी केलं नव्हतं. तिने आपलं अंग सोडवलं आणि ती शंखाबाहेर आली. आणि तो फुटका, आखूड, टोचणारा शंख तिने मावशीच्या अंगावरून बाटलीत ढकलून दिला.

शंख टणटण करत खाली गेला.

"मला पुढे घुसायचं असतं," उघडी धाकटी म्हणाली, "तर आहे तेही घर मी फेकून दिलं असतं का?"

मावशी जागीच थिजली. दुसरं घर समोर नसताना कुणी खेकडा आपलं घर सोडत नाही. मरताना सोडतो तेवढाच. ती गप्प झाली, म्हणून तिला आतला आवाज ऐकू आला. नख्या घासल्याचा. आणि आबांचा दबका आवाज, "अरे, येऊ नका रे कुणी!" ते मघापासून हेच सांगत होते. बाहेर मात्र आपली रांग सरकतेय याचाच सगळ्यांना आनंद.

मावशीने घाईघाईने पाय मागे घेतले. पाटीवरचा कावळा एव्हाना उघडी खेकडी पाहून उडाला होता आणि खाली उतरत होता. मावशी धाकटीला आपल्या शंखाच्या आडोशाला घेऊन नांग्या उगारून उभी राहिली. "माझ्या पोरीला हात लावून बघ!" ती गरजली. कावळ्याला हात नसतात, पण त्याला अर्थ कळला.

"चिमुकल्यांनो, केवड्याचं पान आणा! वाळलेलं, लांब!" धाकटी ओरडली.

केवड्याच्या पानाला दोन्ही कडांनी काटे असतात. येता-जाता ते खेकड्यांच्या पायांत अडकत, म्हणून सारी वस्ती रोज त्या पानांना शिव्या घाली. दोघा चिमुकल्यांनी एक पान ओढत आणलं, मावशीने जोर लावला आणि पान बाटलीत सरकवलं. आता आत पाय रोवायला काटे होते. एक मोठा खेकडा वर आला. मग दुसरा, तिसरा, चौथा. आबा सगळ्यांत शेवटी आले, फार सावकाश, कारण त्यांच्या एका नांगीत धाकटीचा शंख होता.

"घे तुझं घर," ते म्हणाले.  धाकटी शंखात शिरली. तो पहिल्याइतकाच आखूड होता आणि पहिल्याइतकाच टोचत होता.

बाटली हलवण्याचं बळ वस्तीत कुणाकडेच नव्हतं. धाकटी आणि ते दोघे चिमुकले चार दिवस नांगीनांगीने वाळू टाकत राहिले, तेव्हा कुठे बाटलीचं तोंड बुजलं. पण माणसांच्या सुट्ट्या कुठे संपतात? आणखी बाटल्या आल्या. मग माणसं गेली की तिघं किनारा धुंडाळू लागली. प्रत्येक बाटलीत एकेक पान सरकवू लागली. दर घरी जाऊन सांगू लागली की वास आला तरी धावू नका, आधी शेपटीला विचारा. काही मोठ्यांनी ऐकलं. काहींनी "कालची पोरं आम्हाला शिकवतात!" म्हणून शंखात तोंड लपवलं.

एका सकाळी पुन्हा वास आला, आणि तोही दाट. रांग लागली. ती सरकू लागली आणि धाकटीचेही पाय आपोआप वळले. वास वास असतो, तो तिलाही ओढत होता आणि शंख तर आता फारच टोचत होता. ती चार पावलं गेली. मग पाय रोवून उभी राहिली आणि सगळं बळ एकवटून ओरडली, "शंख खाली आला का?"

रांगेच्या अगदी शेवटून एका चिमुकल्याचा बारीक आवाज आला, "नाही!"

सगळी रांग जागच्या जागी थांबली. सर्वांत पुढे आबा होते. तेही थांबले.

तात्पर्य : पुढचे चालले म्हणून वाट बरी आहे असं समजू नये, धोका आधी शेपटीला दिसतो, तेव्हा लहानांनी हाक दिली तर मोठ्यांनी थांबून ऐकावं. आणि मुलांनो, किनाऱ्यावरून परतताना घरच्यांना विचारा, आपण आणलेली बाटली कुठे आहे?