म्हाळसा कासारणीचे पाय

सरका जरा. मला पाय लांब करू द्या. आणि गुडघ्यावर कोणी डोकं टेकू नका, आज फार ठणकतोय. हं, आता ऐका.

एका गावात एक कासारीण राहायची. आज राजाची गोष्ट नाही. राजा येईल मधेच, पण तो आपला बोलणी खायला.

कासारीण म्हणजे काय विचारतोस? अरे, बांगड्या भरणारी. हिचं नाव म्हाळसा. खांद्यावर बांगड्यांच्या माळा अडकवायची आणि गावोगाव पायी फिरायची. लग्नघरी हिरवा चुडा भरायला तीच लागायची. नवरीचा हात असा दाबायची, असा वळवायची, की बांगडी कधी चढली ते पोरीला कळायचंसुद्धा नाही. एक बांगडी पिचायची नाही. जीभ मात्र तिखट होती बरं का. आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

तर म्हातारपणी या म्हाळसेचे पाय धरले. बोटं वाकडी झाली, अंगठ्याच्या मुळाशी टेंगूळ आलं, घोटे सुजून हे एवढे झाले. सकाळी उठून पहिलं पाऊल टाकायचं म्हणजे डोळ्यांत पाणी यायचं. हात अजून चोख होते, पण नुसत्या हातांनी घाट कसा चढणार?

आणि घाट तर चढायलाच हवा होता. घाटावरच्या गावात तिच्या लेकीची लेक राहायची, अंबू. ती एवढीशी होती तेव्हाच म्हाळसेनं तिला शब्द दिला होता, तुझा चुडा मीच भरीन म्हणून. आता अंबूचं लग्न ठरलं. पोरीनं निरोप पाठवला, "आजीनं भरला तरच चुडा घालीन. नाहीतर बोहल्यावर उभी राहायची नाही." म्हाळसेचीच नात ती, हट्टी असणारच. तिला खाली आणावं म्हटलं तर तेही नाही. लग्न ठरलेली पोर वेस ओलांडत नाही, अशी तिथली रीत.

मग म्हाळसा गेली केरबाकडे. केरबा म्हणजे गावचा जोडे शिवणारा. त्यानं काठीनं पायाची लांबी मोजली. पायाला हातसुद्धा लावला नाही. जोडा दिला, तो अंगठ्याला चावला. दुसरा दिला, त्याची टाच टोचली. तिसरा दिला, तो इतका जड की पाय उचलेना. म्हाळसा म्हणाली, "केरबा, अरे जीव जातोय माझा." केरबा हसला. म्हणाला, "काकू, त्यात काय एवढं? चार दिवस वापरा, सैल होतील."

"ते सैल व्हायच्या आधी मीच खिळखिळी होईन, मेल्या!" म्हाळसा म्हणाली.

मग ती गेली वैद्यबुवांकडे. बुवा खलात काहीतरी घोटत होते. त्यांनी मान वर केली नाही. "वय काय तुमचं, बाई? झालं तर मग. वय झालं की दुखायचंच. त्यात काय एवढं?"

"वय झालंय ते मला ठाऊक आहे," म्हाळसा कडाडली. "ते होत होतं तेव्हा मी तिथंच होते! पायाचं बोला." पण बुवांना पाय बघायला वेळ नव्हता.

मग ती गेली राजाकडे. राजानं घाटाला नव्या पायऱ्या बांधल्या होत्या, एकेक पायरी गुडघाभर उंच. बुटक्या पायऱ्या म्हणे राजाला शोभत नाहीत. म्हाळसा म्हणाली, "महाराज, या माणसांनी चढायच्या की हत्तींनी? माझे पाय दुखतात." राजा लोडाला टेकून विडा चघळत होता. म्हणाला, "म्हातारे, त्यात काय एवढं? सावकाश चढावं."

सावकाश चढावं! ज्याचा पाय कधी जमिनीला लागत नाही, तो हे सांगतोय. मला तर आत्ता सांगतानाही संताप येतो.

म्हाळसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला तरातरा निघून जायचं होतं, पण तेही जमेना. निघाली लंगडत. वेशीपाशी एक देवी होती. देऊळ नाही, छप्पर नाही, उघड्यावर उभी असलेली दगडी देवी. म्हाळसेनं ते चावरे जोडे तिच्यासमोर आपटले. "आई, तू तरी सांग. माझं दुखणं हे दुखणं नाही का?"

मग काय झालं? देवी बोलली. आणि बोलली तीही रागानंच.

"मला काय विचारतेस गं? किती युगं उभी आहे मी इथं. एकानं तरी विचारलं का, बाई, बसतेस का जरा? येतात, मागतात आणि नारळ फोडतात तो माझ्या अंगठ्यावर! बघ, टवके उडालेत."

म्हाळसेनं वाकून पाहिलं. खरंच की, देवीचा अंगठा अर्धा राहिला होता. म्हाळसेचा राग कुठल्या कुठं गेला. तिनं पदर ओला केला आणि ते दगडी पाय हलक्या हातानं पुसले. "फार दुखतं का गं आई? कुठं दुखतं?"

देवीचाही राग उतरला. मग म्हणाली, "हे विचारलंस ना, म्हणून तुला देते. यापुढं तुझ्या दुखण्याला जो म्हणेल 'त्यात काय एवढं', त्याला तुझे पाय जातील आणि त्याचे तुला येतील. त्यानं मनापासून विचारलं, 'बाई, तुला कुठं दुखतं?', की ज्याचे त्याला परत. जा आता. रडू नकोस."

"मी रडत नाहीये," म्हाळसा म्हणाली. "मी चिडलेय."

"मग तर फारच चांगलं," देवी म्हणाली.

म्हाळसा तशीच वैद्यबुवांच्या दारात. "बुवा, पाय दुखतात हो." बुवांनी मान वर न करताच म्हटलं, "सांगितलं ना बाई, त्यात काय एवढं?" आणि म्हणता म्हणता किंचाळले. धोतराखाली बघतात तर म्हाळसेचे सुजलेले घोटे! आणि म्हाळसेच्या लुगड्याखाली बुवांचे गुबगुबीत पाय.

आता म्हाळसेच्या मनात काय आलं सांगू? पळावं. हे न दुखणारे पाय घेऊन थेट घाट चढावा, आणि बुवा बसू देत कण्हत. निघालीच ती. पण बुवांचे पाय जन्मभर पाटावर मांडी घालून बसलेले. वेशीपर्यंत कसेबसे गेले नि मटकन बसले. काही केल्या उठेनात. कशीबशी ते पाय ओढत ती परत आली.

तोवर बुवांनी काय काय केलं होतं! निरगुडीचा पाला बांधला होता, गरम वाळूचा शेक घेतला होता, तेल चोळलं होतं. स्वतःच्या पायांना कोणी "वय झालं" म्हणत नाही, बरं का. म्हाळसा दिसताच म्हणाले, "बाई, असं दुखत होतं तुम्हाला? सांगा बघू, कुठं कुठं दुखतं?" झालं, पाय परत. मग बुवांनी तोच पाला तिच्या पायांना बांधला. त्यानं दुखणं गेलं नाही हं, खोटं कशाला सांगू. पण सकाळचा ताठरपणा जरा उतरला.

मग राजाची पाळी. राजा पालखीतून घाटावर निघाला होता. म्हाळसा पायऱ्यांच्या जरा अलीकडे वाटेत आडवी आली. "महाराज, पाय दुखतात." राजा वैतागला. "पुन्हा तेच? त्यात काय एवढं?" झालं! म्हाळसेला आले राजाचे पाय, लोण्यासारखे मऊ. त्यांना पहिला खडा लागला आणि ते थरथरायला लागले. असले पाय घेऊन काय करायचं? म्हाळसा रस्त्याच्या कडेला बसून राहिली आणि बघत राहिली.

पालखी पायऱ्यांशी आली नि थांबली. एवढ्या उंच पायऱ्यांवरून भोयांना ती नेता येईना. राजाला उतरावं लागलं. एक पायरी चढला तो रडकुंडीला आला. दुसरीवर बसलाच. तिथून ओरडला, "या पायऱ्या कुणी बांधल्या?"

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. प्रधान खाली बघायला लागला. मग म्हाळसाच म्हणाली, "तुम्ही, महाराज."

राजा लाजला. लाजायलाच हवा. हळूच म्हणाला, "बाई, तुम्हाला कुठं दुखतं?" मघाशी 'म्हातारे' म्हणत होता, आता 'तुम्ही' म्हणाला, बघा. पाय परत गेले. राजानं गवंडी बोलावले. एकेका पायरीच्या तीन केल्या, एका बाजूनं कठडा घातला, मधे मधे बसायला कट्टे बांधले. लग्न तोंडावर आलं तेव्हा कुठं काम पुरं झालं.

राहिला केरबा. पायऱ्या कितीही बुटक्या केल्या तरी असले पाय घेऊन अनवाणी घाट चढायचा कसा?

"या काकू," केरबा म्हणाला. "झाले ना जोडे सैल? नाही? अहो, त्यात काय एवढं!"

पाय गेले. म्हाळसेनं या वेळी पळायचा विचारही केला नाही. दुसऱ्याचे पाय आपल्या वाटेला उपयोगी पडत नाहीत, हे तिला कळून चुकलं होतं. ती दुकानात ऐसपैस बसली नि मजा बघत राहिली. केरबानं आपल्याच दुकानातले जोडे एकेक करून घालून पाहिले. हा चावला, तो टोचला. केरबा इतका चिडला की सगळे जोडे रस्त्यावर फेकले. "हे असले भिकार जोडे कोण शिवतं?"

"तूच," म्हाळसा म्हणाली.

मग केरबानं आरी घेतली आणि नवं चामडं घेतलं. जोडा पुढून रुंद केला, म्हणजे वाकडी बोटं वाकडीच सुखानं राहतील. टेंगळावर शिवण येऊ दिली नाही. टाच बुटकी ठेवली. आत जुन्या घोंगडीचा मऊ थर घातला. वर बंद लावले, संध्याकाळी पाय सुजले की सैल करता यावेत म्हणून. घालून दुकानात चालून पाहिलं आणि नाचायचाच बाकी राहिला. "काकू, कळलं! कुठं दुखतं ते कळलं मला!"

पण पाय काही परत जाईनात. केरबा घाबरला. "काकू, असं काय? मला सगळं कळलं ना आता?"

"तुला कुठं दुखतं ते तुला कळलं," म्हाळसा म्हणाली. "मला विचारलंस का?"

केरबानं आरी बाजूला ठेवली. मग तिच्यासमोर खाली बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसला, बरं का. म्हणाला, "काकू, तुम्हाला कुठं दुखतं?"

पाय परत आले. म्हाळसा म्हणाली, "सपाटीवर नाही रे. चढ लागला की सगळा भार डाव्या करंगळीवर येतो. आग होते तिथं." दुकानात कुठला आलाय चढ? ते केरबाला कसं कळणार होतं? त्यानं तिचा पाय मांडीवर घेतला, करंगळी हळूच चाचपली, तिथलं चामडं कापलं आणि कोकराचं मऊ कातडं लावलं.

दुसऱ्या दिवशी म्हाळसा घाट चढली. दुखलं का? दुखलं. पण ते तिचं रोजचं ओळखीचं दुखणं होतं, जोड्यानं त्यात भर घातली नाही. कट्टा आला की बसायची, पुन्हा उठायची. पाय दुखरे होते, पण वाट त्यांना पाठ होती.

वर मांडवात अंबू दोन्ही हात पाठीमागे लपवून बसली होती. आजी दिसली आणि तिनं हात पुढं केले. म्हाळसेनं चुडा भरला, मनगटापासून वरपर्यंत, गच्च हिरवा. एक बांगडी पिचली नाही. आणि अंबूनं काय केलं? आजीचे जोडे उतरवले आणि दोन्ही पाय आपल्या मांडीवर घेतले. "आजी, कुठं दुखतं गं?" पाय चेपताना नवा चुडा किणकिणत होता. या पोरीला कुठल्या देवीनं काही शिकवलं नव्हतं.

तेव्हा मात्र म्हाळसा रडली. आणि चिडलेली अजिबात नव्हती.

मग अंबू सुखानं नांदली. राजा पायी चालायला शिकला. केरबाच्या दुकानात आधी पाय मांडीवर, मग माप, अशी पद्धत पडली. म्हाळसेनं देवीशेजारी एक कातळ मांडून दिला, गावात सगळ्यांना दम भरला, आणि तेव्हापासून नारळ फुटतो तो त्या कातळावर.

झाली गोष्ट. चला, डोळे मिटा. आणि हे बघा, आज दुकानात माझा पाय चपलेत जाईना, तेव्हा तुमचा बाबा काय म्हणाला ते ऐकलंत ना? "आई, त्यात काय एवढं? घातलीस की होईल सैल." बरं. येताना मी वेशीवरच्या देवीपाशी जरा थांबले होते. सकाळी बाबा लंगडत उठला तर हसू नका त्याला. आजीला काय विचारायचं, तेवढं त्याच्या कानात सांगा. झोपा आता.