ठकू परटिणीचा पिवळा डाग

फार फार वर्षांपूर्वी, आमच्या नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं तेव्हा, काठावर ठकू परटीण धुणं धुवायची. गावात कुणी बाळंत झाली की बाळाखाली घालायची बाळोती तिच्याकडेच यायची. गाठोडं सोडलं की बाळ पोटभर पितंय का नाही ते तिला कळायचं, असं म्हणतात. त्यात जादू कसली आलीय? पहिल्यांदा बाळोत्यावर काळं येतं, डांबरासारखं चिकट. दूध पोटात जायला लागलं की तेच हळदीसारखं पिवळं होतं. तो डाग घासून ठकूचे हात भरून यायचे, पण डाग दिसला की बाई खुशीत असायची.

एकदा पाटलांची लेक यमुना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. आईचं पहिलं घट्ट दूध, म्हणजे चीक, बाळाला बाधतो म्हणून पाटलीणबाईंनी तो पिळून टाकायला लावला आणि बाळाला गुळाचं पाणी चाटवलं. पोर आपलं झोपून असायचं.

"कसं शहाणं आहे बघा, रडत म्हणून नाही," पाटलीणबाई येईल त्याला सांगायच्या. सगळं गाव कौतुक करून गेलं. इकडे ठकूकडे गाठोडं दिवसेंदिवस हलकं येत होतं. बाळोती कोरडी, आणि एखादं भरलेलं असलं तर अजून काळंच.

हातातलं बाळोतं तिनं तसंच दगडावर टाकलं. ओल्या लुगड्यानिशी ती पाटलांच्या दारात उभी राहिली.

"पाटलीणबाई, रागावू नका. पोर शहाणं न्हाई, त्याच्यात रडायचं बळ न्हाई. त्याला उठवा, लेकीला सारखं अंगावर पाजायला सांगा. गिळल्याचा आवाज येतोय का ऐका."

"नजर लावायला आलीस व्हय गं? तुझं काम धुण्याचं, तेवढं कर."

दार लागलं. आतल्या खोलीत यमुनानं सगळं ऐकलं होतं. तिनं बाळाला छातीशी धरलं, त्याचे तळपाय चोळले, पण ते ओढेना. आईपुढे बोलायची तिची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी बाळ उठलंच नाही.

मग काय, गावाला ठकूची जीभच काळी दिसली. तिला धुणं मिळेना, घाटावर कुणी उभं करेना. ती उपासानं गेली, असं म्हणतात. आणि तेव्हापासून तिच्या दगडावर धुतलेल्या एकाही बाळोत्याचा पिवळा डाग निघाला नाही. राख लावा, रिठा लावा, डाग आपला तसाच.

तेव्हा कुठं गाव घाबरलं. आता आमच्याकडे बाळ झालं की मुलगा का मुलगी हे मागाहून, आधी विचारतात, "पिवळं झालं का?" झालं, की ते बाळोतं न धुता ठकूच्या दगडावर नेतात, हळदकुंकू वाहतात, ओटी भरतात. तोवर बाळाला कुणी शहाणं म्हणत नाही. पाटलांच्या घरचंही बाळोतं येतं, आणि ओटी सगळ्यांत मोठी त्यांचीच.

भरा बापांनो, हवी तेवढी भरा. त्या बाईनं ओटी कधी मागितली होती? पोर उपाशी आहे, एवढंच ती सांगत होती.